पुढे न गेलेली हाक

टाचणीबद्दल लिहायचं तर आधी माझा राग सांगून टाकतो, नाहीतर तो मध्ये मध्ये तोंड घालत राहील. मला आमच्या साहेबांचा राग येतो, जावयाचा येतो, स्वतःचा तर रोज येतो. आणि खरं सांगायचं तर टाचणीचाही येतो. ती किती भली बाई होती हे मला कोणी समजावू नये. अकरा वर्षं मी तिच्या शेजारच्या टेबलाशी बसलो आहे.

शहरात कोणीही रुग्णवाहिकेसाठी फोन केला की तो आमच्या इमारतीत येतो. तळमजल्यावर फोन घेणारे बसतात. दुसऱ्या मजल्यावर आम्ही, म्हणजे ज्या प्रोग्रामवर त्यांचं काम चालतं तो लिहिणारे आणि सांभाळणारे. माझं काम चाचणीचं. दुसऱ्याने लिहिलेलं कुठे मोडतं ते बघायचं आणि मोडलं नाही तर खाली सही करायची. टाचणीने मूळ प्रोग्राम लिहिला होता. स्वतः लिहिलेली प्रत्येक ओळ ती कागदावर छापून घ्यायची, टाचणीने फळ्यावर लावायची आणि चष्मा कपाळावर चढवून उभ्या उभ्या वाचायची. पडद्यावर माणूस नुसता बघतो, वाचत नाही, असं तिचं म्हणणं. नाव पडलं ते या कागदांमुळे. टिकलं मात्र तिच्या बोलण्यामुळे.

त्याआधी नऊ वर्षं ती स्वतः तळमजल्यावर फोन घेत होती. तिचा नवरा तेव्हा गाडी चालवायचा. लग्नाआधी दोन वर्षं दोघांनी एकमेकांना पाहिलंही नव्हतं, फक्त वायरलेसवर ऐकलं होतं. हिने पत्ता सांगायचा, त्याने "निघालो" म्हणायचं. तो गमतीने सांगायचा की पाहिल्यावर जरा निराशा झाली, आवाजावरून बाई उंच वाटली होती. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा तळमजल्यावरच्या बाकीच्यांनी कपाळाला हात लावला आणि हिने जेवणाच्या सुट्टीत बसून प्रोग्रामिंग शिकून घेतलं. डबा उघडा, त्याच्या शेजारी पुस्तक. सहा वर्षांनी ती वरच्या मजल्यावर आली आणि फोन घेणाऱ्यांना काय लागतं हे ठाऊक असलेली तिथली एकटीच ठरली.

आता थोडं तंत्राचं सांगावं लागेल. घाबरू नका, तिने मला सांगितलं होतं तसंच सांगतो.

आमच्या प्रोग्राममध्ये एक ऑब्जेक्ट आहे, 'नियंत्रक'. त्याला बऱ्याच गोष्टी करता येतात. त्या करण्याच्या रीतीला मेथड म्हणतात, आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची 'गाडी पाठव'. ही मेथड टाचणीची. फोन घेणाऱ्याने बटण दाबलं की ती चालते, जवळची गाडी शोधते, चालकाला पत्ता पाठवते आणि 'गाडी निघाली' असं उत्तर देते. पडद्यावर हिरवी पट्टी येते.

मिक्सिन म्हणजे खिसा, असं ती म्हणायची. खिसा हे काही कपडे नव्हेत, नुसता खिसा घालून कोणी बाहेर पडत नाही. पण सदऱ्याला लावा, पँटला लावा, एप्रनला लावा, सगळीकडे उपयोगी. कुठलीही जादा कला वेगळी लिहून ठेवायची आणि लागेल त्या ऑब्जेक्टला शिवून टाकायची. आमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत तर प्रोग्राम चालू असतानाही शिवता येते. तिने असे दोन खिसे केले होते, 'नोंद' आणि 'वेळ'. एक घडलेलं लिहून ठेवायचा, दुसरा किती सेकंद लागले ते मोजायचा.

पण या खिशाचा एक भयंकर गुण आहे. मिक्सिनमध्येही 'गाडी पाठव' याच नावाची मेथड लिहिली, तर हाक आधी तिला ऐकू जाते आणि मूळ मेथड मागे राहते. साहेबांच्या केबिनबाहेर स्टूल टाकून बसलेल्या माणसासारखं. तुम्ही साहेबांना भेटायला जाता, तो आधी भेटतो. त्याने मनावर घेतलं तर आत सोडतो. नाही घेतलं तर "साहेब कामात आहेत" म्हणून परत पाठवतो, आणि आत साहेबांना पत्ताही नसतो की कोणी येऊन गेलं. आत सोडायला मिक्सिनमध्ये एक शब्द लिहावा लागतो, 'पुढे'. तो लिहिला नाही तर हाक तिथेच मरते.

म्हणून टाचणीने फळ्यावर सगळ्यात वर स्वतःच्या अक्षरात एक कागद लावला होता: "अडवलंस तर सांग." तिच्या दोन्ही मिक्सिनमध्ये काही झालं तरी 'पुढे' असायचंच. आणि कोणी कधी काही अडवलंच, तर अडवलं असं उत्तर गेलं पाहिजे, पडद्यावर लाल पट्टी आली पाहिजे.

साहेबांना एक गोष्ट खुपत होती. रस्त्यावर अपघात झाला की दहा जण फोन करतात आणि कधी कधी एकाच जखमीसाठी तीन गाड्या धावतात. तक्रार रास्त होती, नाही असं मी म्हणत नाही. त्यांना हवं होतं की एकाच पत्त्यावरून दहा मिनिटांत दुसरा फोन आला तर प्रोग्रामनेच गाडी थांबवावी. टाचणीने साफ नकार दिला. तिचं म्हणणं एवढंच की हे यंत्राने ठरवायचं नाही, फोन घेणाऱ्याने "तोच माणूस का?" असा एक प्रश्न विचारायचा. नऊ वर्षं तो प्रश्न विचारलेली बाई सांगत होती. साहेबांनी मान डोलावली आणि तिला न सांगता काम जावयाकडे दिलं.

जावई हे आम्ही ठेवलेलं नाव. तो बाहेरून आला होता, आल्या आल्या खिडकीजवळची खुर्ची आणि दोन पडदे मिळाले होते, आणि त्याचा चहा टेबलावर यायचा. मुलगा हुशार होता. हुशार माणसं मला चालतात, घाई झालेली हुशार माणसं नाही चालत. त्याने 'शिस्त' नावाचं मिक्सिन लिहिलं. पत्ता बघायचा, म्हणजे फक्त इमारत, मजला नाही, कारण मजला लोक वाट्टेल तसा सांगतात. त्या इमारतीतून शेवटचा फोन येऊन दहा मिनिटं झाली नसतील तर 'पुढे' म्हणायचंच नाही. सुरुवातीला लाल पट्टी यायची. फोन घेणारे गोंधळले, साहेब वैतागले, मग त्याने उत्तर बदललं. गाडी पाठवायची नाही आणि 'गाडी निघाली' म्हणायचं. हिरवी पट्टी. "तुमच्या फाइलला हातही लावलेला नाही," असं तो टाचणीला ऐटीत म्हणाला होता. कशाबद्दल ते तिला तेव्हा कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

आणि त्याखाली चाचणीची सही माझी. 'वेळ' आणि 'नोंद' लावलेले असले की आमच्या सगळ्या चाचण्या चालवायला चाळीस मिनिटं लागायची. मला तेवढं बसवत नव्हतं. म्हणून मी एक खटका करून घेतला होता, चाचणीच्या वेळी सगळी मिक्सिन काढून ठेवणारा. सहा मिनिटांत काम आटोपायचं. 'शिस्त' मी वेगळं तपासलं, एकटं. दोन फोन, एक गाडी. बरोबर. बाकी सगळ्या चाचण्या ते काढून ठेवून चालवल्या. हिरव्या. स्टुलावरच्या माणसाला घरी पाठवून मी केबिनचं दार तपासत होतो आणि दार उघडं आहे म्हणून सही करत होतो.

दोन महिन्यांनी एका मंगळवारी दुपारी एका बारा मजली इमारतीतून फोन आला. दुसऱ्या मजल्यावर एका मुलाचा जिन्यावरून पडून हात मोडला होता. चार वाजून दहा मिनिटं. गाडी गेली. चार चौदाला त्याच इमारतीच्या नवव्या मजल्यावरून एका बाईंचा फोन आला, वडिलांच्या छातीत दुखतंय, घाम फुटलाय. फोन घेणाऱ्या मुलीने बटण दाबलं, हिरवी पट्टी आली, तिने "गाडी निघाली" म्हणून सांगितलं. त्या बाईंना वरून खाली गाडी दिसलीसुद्धा. त्या मुलाला घेऊन ती निघून गेली. बाईंनी पुन्हा फोन केला, चार एकवीस. मग अठ्ठावीस. मग छत्तीस. दर वेळी बटण, दर वेळी हिरवी पट्टी, दर वेळी "गाडी निघाली". मग त्यांनी फोन करणं सोडलं. चार एकोणपन्नासला शेजारच्यांनी केला आणि गाडी गेली. वडील वाचले नाहीत.

चौकशी दोन दिवसांत उरकली. नोंदीत चार वेळा 'गाडी पाठव: यशस्वी' असं होतं आणि 'गाडी पाठव' ही मेथड टाचणीची होती. संपलं. साहेबांनी गुरुवारी एक कागद तिच्यापुढे ठेवला. मेथडमध्ये दोष होता, तो लिहिणारीच्या नजरेतून सुटला, अशा अर्थाचा. सोमवारी त्या बाईंसमोर बैठक होणार होती, तिथे सही करायची. साहेबांना 'शिस्त' आठवत नव्हतं म्हणता? मलाही तसं मानायला आवडलं असतं.

टाचणीने मेथड पुन्हा छापून घेतली. अडतीस ओळी. फळ्यावर लावल्या आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. शुक्रवारीही उभीच. कागदावर चूक नव्हतीच, तर सापडणार कुठून? चालत्या ऑब्जेक्टला मागाहून शिवलेलं मिक्सिन मूळ मेथडच्या कागदावर दिसत नाही. पडद्याला नावं ठेवणाऱ्या बाईचा इथे घात झाला. शुक्रवारी संध्याकाळी ती मला म्हणाली की आता वय झालं असावं, दिसत नाहीये. आजवर मी तिला कधी स्वतःवर शंका घेताना पाहिलं नव्हतं.

मला गुरुवारी दुपारीच आठवलं होतं. 'शिस्त', दोन फोन, एक गाडी, माझी सही. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी मूग गिळून बसलो. कारण काय द्यायचं? घाबरलो होतो. बस.

रविवारी सकाळी तिच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. इस्त्रीच्या टेबलावरच लॅपटॉप. नवऱ्याचे गुडघे गेलेत, पण स्वयंपाकघर त्याच्याच ताब्यात. त्याने चहा टाकला. मी दारातच सगळं सांगून टाकलं, खटक्यासकट. मला वाटलं ती टोचून टोचून माझी चाळण करेल. त्याऐवजी लॅपटॉप उघडून तिने नियंत्रकाला एका ओळीत विचारलं की तुझ्यापुढे कोण कोण बसलंय. तीन नावं आली. नोंद, वेळ, शिस्त.

"हा कोण?" एवढंच ती म्हणाली.

मग तिने 'शिस्त' छापलं. घरीही छापायचं यंत्र होतं, पलंगाखाली. दोनदा वाचलं. कागद उलटा केला आणि मागे वेळा लिहायला लागली, एकाखाली एक. चार दहा, चार चौदा, चार एकवीस, चार अठ्ठावीस, चार छत्तीस. शेजारी दोन वेळांमधलं अंतर. चार, सात, सात, आठ. मला कळेना की ती काय करतेय. मग कळलं. 'शिस्त' शेवटच्या फोनपासून दहा मिनिटं मोजत होतं, आणि अडवलेला फोनही फोन म्हणूनच धरत होतं. म्हणजे त्या बाईंनी दर वेळी फोन केला की दहा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती. एकोणपन्नासला गाडी गेली, कारण मधली तेरा मिनिटं कोणी फोन केला नव्हता.

त्या जितक्या वेळा हाक मारत होत्या तितकी गाडी अडत होती. त्यांनी हाक मारणं सोडलं म्हणून ती आली.

नवऱ्याने कागद उचलून वाचला. "मी निघालो नसताना निघालो असं वायरलेसवर कधी म्हटलं नाही," तो म्हणाला आणि कप उचलून आत गेला.

मी मात्र खूश झालो होतो. लाज वाटते, पण झालो होतो. टाचणी सुटली. तीन नावांची यादी, 'शिस्त'चा कागद आणि माझी सही टेबलावर ठेवायची, माझं काय व्हायचं ते होऊ दे. मी यादीची एक प्रत घडी करून खिशात घातली.

सोमवारी बैठकीच्या अर्धा तास आधी ती साहेबांच्या केबिनमधून बाहेर आली आणि जिन्याजवळ मला थांबवलं. 'शिस्त' तिने स्वतःच्या हाताने काढलं होतं, साहेबांना शेजारी बसवून. यापुढे सगळ्या चाचण्या मिक्सिन लावूनच होतील हेही त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. बदल्यात ती सही करणार होती.

माझं डोकंच फिरलं. जिन्यात उभं राहून मी तिला नाही नाही ते बोललो. शेवटी म्हणालो, "ताई, अडवलंस तर सांग, हा नियम तुमचाच ना? मग आता तुम्हीच अडवताय."

"हो, माझाच. साहेबांना सांगितलं, त्या पोराला सांगितलं. तुला तर आधीच माहीत होतं. त्या बाईला सांगणार नाही."

मी म्हटलं, अर्धं सांगा. मध्ये एक मिक्सिन होतं एवढंच सांगा, वेळांचं राहू द्या.

"ती गणित शिकवते," टाचणी म्हणाली. "दहा मिनिटांचा नियम वाचला की पुढचं तिला कोणी समजावून द्यावं लागणार नाही. अरे, नऊ वर्षं मी फोनवर प्रत्येकाला सांगितलंय, गाडी दिसली नाही तर पुन्हा फोन करा. तिने तेच केलं. आता तिला काय सांगू, तू फोन केलेस म्हणून गाडी अडली?"

"आणि तुमचं नाव?"

"माझं नाव कागदावर राहील. तिच्या डोक्यात ते राहील, जन्मभर."

हे मला अजून खोडून काढता आलेलं नाही, आणि म्हणूनच मला तिचा राग येतो. जावई सुटला, साहेब सुटले, मी सुटलो. बैठकीत आम्ही तिघंही हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलांसारखे बसलो होतो.

त्या बाई पन्नाशीच्या असतील. पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. साहेबांनी कागद वाचून दाखवला. वाचून झाल्यावर बाईंनी एकच विचारलं, टाचणीकडे बघून.

"मी आणखी लवकर लवकर फोन करायला हवे होते का?"

माझ्या खिशात यादी होती. जावयाने मान खाली घातली. तेवढं त्याला कळलं म्हणायचं.

"नाही," टाचणी म्हणाली. "तुम्ही केलंत ते अगदी बरोबर केलंत. चूक माझ्या कामात होती."

तिने सही केली. बाई उठल्या. पण दारापाशी थांबून त्या वळल्या.

"तुम्ही इथे वर बसून लिहिता," त्या टाचणीला म्हणाल्या. "एकदा खाली फोनपाशी बसून बघा. माणसं कशी बोलतात ते तरी ऐका."

नऊ वर्षं. मी तोंड उघडलं होतं. टाचणीने टेबलाखाली माझ्या मनगटावर हात ठेवला आणि बाईंकडे बघून हळूच म्हणाली, "हो."

महिनाभरात तिने नोकरी सोडली. फळ्यावरचे कागद एकेक काढून घेऊन गेली, नियमाचा तेवढा ठेवला. साहेब अजून आहेत. जावई आता टाचणीच्या टेबलाशी बसतो आणि वाईट काम करत नाही, हे कबूल करताना माझ्या जिवावर येतं. अहवालात 'गाडी पाठव' या मेथडचा दोष असं छापलेलं आहे. त्या मेथडमधली एक ओळसुद्धा कोणी बदललेली नाही, कारण बदलण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

खटका मी काढून टाकला. सगळ्या चाचण्या आता पूर्ण चाळीस मिनिटं चालतात, एखाद्या दिवशी बेचाळीस. त्या बाईंनी पहिला फोन केल्यापासून गाडी त्यांच्या दारात पोचेपर्यंत बेचाळीस मिनिटं गेली होती, हे मी नंतर मोजलं. त्या चाचण्यांतली एक मी नवीन लिहिली आहे. एकच इमारत, एकापाठोपाठ पाच फोन, आणि पाच गाड्या निघाल्याच पाहिजेत. ती रोज शेवटी चालते. तोवर मी खुर्चीत बसून राहतो, त्या फळ्याकडे पाठ करून.